प्रोग्रेसिव्ह चष्मा : शिवणकाम करणारीने आठ महिने वापरल्यावर

मी साताऱ्यात ब्लाउज शिवते. वय 53. पंचेचाळिशीत सुईचं नेढं दिसेना, तेव्हा जवळचा चष्मा लागला, पण समोर उभ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं की सगळं पुसट. दिवसभर काढ-घाल. म्हणून साडेसात हजारांचा प्रोग्रेसिव्ह केला. वर लांबचं, मधे हातभर अंतराचं, खाली जवळचं आणि काचेवर रेघ नाही.

बाहेर वापरायला चष्मा उत्तम आहे. एसटीची पाटी, भाजीचे भाव, मोबाइल, सगळं एकातच. पहिला आठवडा जिन्याच्या पायऱ्या हलल्यासारख्या वाटतात, कारण खाली बघताना नजर जवळच्या नंबरातून जाते. हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून बघायचं, मग जमतं.

मशीनवर मात्र माझे हाल झाले. नीट दिसणारी पट्टी अरुंद, दोन्ही बाजूंना धूसर. सुई काचेच्या खालच्या भागात आणायला मान वर करून बसायचे, दोन महिन्यांत मान धरली. कटिंगला तर खडूची सरळ रेघ कडेला वाकडी दिसायची. एका पैठणीवरच्या ब्लाउजचा मुंढा त्यात बिघडला, कापड भरून द्यावं लागलं. दुकानात सांगितलं तर "सवय होईल." मी काम काय करते, हे नंबर काढताना कुणी विचारलंच नव्हतं. याचा राग अजून आहे.

दुसऱ्या दुकानात जाताना टेपने मापं घेऊन गेले : डोळ्यापासून सुई 15 इंच, कटिंग टेबल 26 इंच. तिथल्या बाईंनी मापं बघून कामापुरता वेगळा चष्मा सुचवला. खाली जवळचं, वर हातभर अंतराचं, लांबचं नाहीच. त्यामुळे नीट दिसणारी जागा रुंद मिळते. 2,600 रुपये. मान सरळ राहते, रेघ सरळ दिसते. तो घालून रस्त्यावर मात्र जायचं नाही. शिवणारी, सोनारकाम करणारी, कॉम्प्युटरवर बसणारी माणसं असाल तर आधी आपली अंतरं मोजा, मग चष्मा करा.

त्याच बाईंनी कारणही समजावलं. डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं, जवळ बघताना फुगतं. वयाबरोबर ते ताठ होत जातं आणि चाळिशीच्या आसपास ते जाणवायला लागतं. म्हणूनच आपल्याकडे त्या चष्म्याचंच नाव चाळिशी. नंबर पुढेही काही वर्षं वाढतो, त्यात आपली चूक नसते.

एक गोष्ट कुठल्याच चष्म्याने सुटली नाही. काळं आणि नेव्ही ब्लू रीळ मला ट्यूबलाइटखाली सारखंच दिसतं. मोतीबिंदू आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घेतलं, अजून नाही. पण भिंग वयाने पिवळसर होतं, बाहुलीही लहान होते. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्यापेक्षा साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो. म्हणून मशीनच्या डाव्या हाताला एक पांढरा एलईडी दिवा लावला. तुरपाईला त्याने मोठा फरक पडला, चष्म्याइतकाच. रंग जुळवायला अजूनही दारात उन्हात जाते, आणि रिळांच्या बुडाला मुलीकडून मोठ्या अक्षरांत 'काळा', 'नेव्ही' लिहून घेतलंय.