दोन तासांचे सत्र की सहा तासांचे?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून पात्रे रंगवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी खेळातल्या जगात ६ सेकंदांची असते, पण पाच खेळाडू असतील तर तीच पार पाडायला टेबलावर सहज दहा मिनिटे जातात. त्यामुळे दोन तासांच्या सत्रात एक मोठी लढाई झाली की संवादाला वेळच उरत नाही. सहा तासांत पात्रे खुलतात, योजना आखतात, एकमेकांशी भांडतात. मात्र उत्तरार्धात पाळीची वाट पाहणाऱ्याचा हात मोबाईलकडे जातो आणि ‘काय चाललंय?’ असे विचारून तो नुसताच फासा टाकतो. छोटे सत्र ऐन उत्कंठेच्या क्षणी थांबवता येते, म्हणून दर आठवड्याला भेटणाऱ्या गटासाठी मी तेच निवडेन. महिन्यातून एकदाच जमणाऱ्यांनी मात्र मध्ये सुटी ठेवून दीर्घ सत्रच घ्यावे, कारण मागचे आठवण्यातच त्यांचा बराच वेळ जातो.