विजेचा ट्रिगर: वळवात पैसे वसूल, रात्री खिशात

विजेचा फोटो आपोआप काढणारा ट्रिगर मार्चमध्ये घेतला, आता दिवाळी तोंडावर आली. म्हणायला आठ महिने झाले, पण कोल्हापुरात विजेचा खेळ रंगतो तो एप्रिल-मेच्या वळवात आणि नंतर परतीच्या पावसात. जुलै-ऑगस्टमध्ये नुसतं आभाळ गळतं, पंचगंगा पात्राबाहेर येते, पण वीज क्वचितच. त्यामुळे हा अनुभव वीस-बावीस संध्याकाळींचा आहे असं समजून वाचा.

वस्तू म्हणाल तर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. कॅमेऱ्यावर फ्लॅशच्या खाचेत बसते. पुढं सेन्सर, बाजूला सेन्सिटिव्हिटीचं, म्हणजे किती उजेडाला जागं व्हायचं ते ठरवणारं चाक, आत दोन बारके सेल आणि एक वायर, जी रिमोटच्या भोकात जाते. वीज चमकली की डबी स्वतः शटर मारते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशा डब्या बऱ्याच जणांच्या मिळतात आणि सगळ्यांचं काम साधारण असंच चालतं.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात: वीज चमकून गेल्यावर शटर मारून उपयोग काय? मलाही तीच शंका होती. पण एक वीज म्हणजे बहुतेकदा त्याच वाटेनं पाठोपाठ बसणारे तीन-चार झटके असतात, मध्ये 40-50 मिलीसेकंदांचं अंतर. आपल्या डोळ्याला ती थरथर वाटते ती त्यामुळेच. डबी पहिल्या झटक्याला जागी होते, कॅमेरा पुढचे पकडतो. माझा जुना डीएसएलआर आरसा उचलण्यातच वेळ घालवतो, म्हणून एका झटक्यात संपणारी वीज हमखास हुकते. मित्राच्या मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर हीच डबी लावली तेव्हा फरक लगेच दिसला. तेव्हा ट्रिगरला शिव्या घालण्याआधी आपला कॅमेरा किती सुस्त आहे ते बघा.

दिवसाढवळ्या मात्र हिला तोड नाही. मे महिन्यात दुपारी तीन-साडेतीनला आभाळ भरून यायला लागतं. कोबीच्या गड्ड्यासारखे ढग बघता बघता चढतात आणि वर जाऊन ऐरणीसारखे पसरतात. त्या उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक. हातानं बटण दाबून वीज पकडायची म्हणजे डास चिमटीत धरण्यासारखं. मी आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ 11, शटर 1/8 सेकंद ठेवतो, उजेड जास्त असला तर पुढं एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच. फोकस एकदा लांबवर लावून मॅन्युअल करायचा. ऑटोफोकस चालू राहिला की ढगात काहीतरी शोधत बसतो आणि तेवढ्यात वीज निघून जाते. पहिल्या तीन संध्याकाळी माझ्या याच मूर्खपणात गेल्या.

चाकाचं मात्र तंत्र आहे. पूर्ण फिरवलं की डबी वेडी होते. टेंबलाई टेकडीवर उभा होतो, ढग उचगावच्या बाजूला. खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचे हेडलाइट वळणावर लागले की खटाक, फोटो. उसाच्या पात्यांवर ऊन हललं की खटाक. घरी येऊन बघितलं तर 312 फोटो आणि वीज फक्त नऊमध्ये. तेव्हापासून चाक निम्म्यावर ठेवतो आणि बाजूचा उजेड अडवायला डबीला काळ्या पुठ्ठ्याची झापडं लावलीत, टांग्याच्या घोड्याला असतात तशी. भावा, पाच रुपयांच्या पुठ्ठ्यानं जे केलं ते निर्मात्याला का सुचलं नाही, कळत नाही.

रात्री हिची गरज नाही, हे विकणारा सांगणार नाही. अंधारात 15-20 सेकंदांचे एक्स्पोजर पाठोपाठ लावा, रिमोटचं बटण लॉक करा, झालं. शटर उघडंच असल्यामुळे पहिला झटकाही मिळतो. रंकाळ्यावरचा माझा बरा फोटो असाच मिळाला. वीज वायव्येला पन्हाळ्याच्या अंगाला, तिची रेघ पाण्यात उतरलेली आणि डबी खिशात.

तक्रार एकच, पण मोठी. वायर. दीड महिन्यात जॅकपाशी सैल झाली, धरून ठेवली तरच चालायची. विक्रेत्यानं "वायर वॉरंटीत येत नाही" म्हणून हात वर केले. शेवटी गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी डाग लावून दिला, तो अजून टिकून आहे. पावसाचं पाणी डबी अजिबात सोसत नाही, प्लॅस्टिकची पिशवी लागतेच. जुलैत कपाट उघडलं तर सेल पाझरून आत पांढरी भुकटी, ती चूक माझी.

आता जे परीक्षणात येत नाही ते. मेच्या मध्यात जोतिबाच्या रस्त्याला एका बांधावर ट्रायपॉड लावला. गडगडाट ऐकू येत होता, पण ट्रिगर आपोआप काम करतोय म्हणून मी निवांत आंब्याखाली बाईकला टेकलेलो. शेजारच्या वस्तीवरून एक मामा पोतं डोक्यावर घेऊन धावत आले. "पावनं, झाडाखाली थांबू नगासा, आत या!" कॅमेऱ्यावर पिशवी टाकून पळालो. चमक आणि आवाज यात मोजलं तर जेमतेम सहा सेकंद. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर कापतो, म्हणजे वीज दोन किलोमीटरवर. 30 सेकंदांच्या आत गडगडाट आला की आसरा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हा नियम मला पाठ होता. आंब्याखाली तो आठवला नाही. पडवीतून चहा पीत बघत होतो, बाहेर डबी पिशवीतूनही खटाक खटाक करत होती. 41 फोटो, सगळ्यांवर पिशवीची सुरकुती.

त्यानंतर बाईक बंद. मित्राची चारचाकी असेल तरच जातो, काच वर करून आत बसतो, कॅमेरा बाहेर. पत्र्याच्या छताची गाडी वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरवते, बाईक नाही. मसाई पठारासारख्या उघड्या माळावर ढग लांब असतानाच जायचं आणि आधीच परतायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अ‍ॅप फोनवर ठेवलंय, आसपास कुठं वीज पडतेय ते त्यात दिसतं. निघायचं कधी आणि पळायचं कधी, दोन्हीला कामाला येतं.

आईचं मत वेगळंच आहे. "साडेचार हजार घालून इजंच्या मागं लागायला तू काय इंद्र हाईस व्हय?"

दिवसा शूट करणार असाल आणि कॅमेरा चपळ असेल तर घ्या. फक्त रात्री जाणार असाल तर त्याच पैशात बरा ट्रायपॉड बघा, माझा अजून वाऱ्यात डुलतो. परवा हस्ताच्या पावसात टेकडीवर दोन पोरं येऊन डबीकडं टक लावून उभी राहिली. "काका, ही दाबली की वीज पडते काय?" तेवढ्यात खरंच चमकली, शटर वाजलं आणि दोघं ओरडतच उताराला लागली.