पहिल्या वर्षाला आधार कुणाचा: सरांचा की सीनियरचा?

एमबीबीएसला नुकतीच आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुलगी व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गप्प राहते. उत्तर येत असतं, इंग्रजी शब्द घशात अडकतो. हे ती सरांना सांगत नाही. रात्री मेसमध्ये सीनियर ताईला सांगते. ताई शेजारी बसून ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, कागदावर पाच वेळा काढून घेते, तेव्हा कुठे भीती निघते. हे काम सरांकडून होणं कठीणच.

पण हजेरी किमान मर्यादेच्या, म्हणजे थिअरीत ७५ किंवा प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्क्यांच्या, खाली घसरतेय, हे वेळेत दिसतं ते शिक्षकांनाच. कुणी मनाने खचलं असेल तर मानसोपचार विभागात शब्द टाकणंही त्यांनीच करावं. सीनियरवर तो भार नको, त्याचीही परीक्षा तोंडावर असते.

माझ्या मते रोजच्या सोबतीला सीनियर हवाच. मात्र शिक्षकांनी महिन्यातून एकदा मुलांना स्वतःहून बोलवावं, तेही पहिल्या इंटर्नलच्या (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेच्या) आधीपासून.