रविवार पेठेतलं काजूचं दुकान, नक्की जावा

बेळगावच्या रविवार पेठेत होलसेल किराण्याच्या ओळीत हे छोटंसं काजूचं दुकान आहे, बोर्ड जुना झालाय पण माल एकदम ताजा. चंदगड-खानापूरचा गावठी काजू वेगळ्या डब्यात, बाहेरच्या बियांचा वेगळ्या, आणि कुठला कुठला ते विचारायच्या आधीच सांगतात. बाकी ठिकाणी सगळंच गावठी म्हणून माथी मारतात की ओ. मी 320 नंबर (म्हणजे पौंडाला 300 ते 320 नग) आणि बर्फीला तुकडा घेतलो, वजन चोख, एकपण खवट निघाला नाही.

भाव एवढा खालीवर का होतो म्हणून विचारलो तर काकांनी स्टूल दिलं आणि नीट सांगितलं. आपला काजू मार्च ते मे, नंतर इकडच्या फॅक्टऱ्या आफ्रिकेच्या बियांवर चालतात, त्यात आयव्हरी कोस्ट मोठा. तिथं नोव्हेंबर 2010 च्या निवडणुकीनंतर आधीपासून खुर्चीवर असलेले बाग्बो आणि विरोधी उमेदवार वातारा दोघांनीपण राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली आणि एप्रिल 2011 ला बाग्बोंना पकडेपर्यंत तो घोळ मिटला नाही. काजूचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, नेमक्या त्याच महिन्यात बँका बंद पडल्या, मग शेतकऱ्याला रोख देणार कोण आणि माल उचलणार कोण. युरोपनं बंदरांवर निर्बंध घातले, कोकोचा भाव 32 वर्षांत गेला नव्हता एवढा वर गेला. शेजारच्या माली, बुर्किना फासोला समुद्रच नाही, त्यांचा माल आयव्हरी कोस्टच्या आबिदजान बंदरातून जायचा, ते ट्रक घाना-टोगोकडं वळवायला लागले, आणि चलन तर तिकडच्या आठ देशांचं एकच, म्हणजे भांडण दोघांचं आणि अडकले सगळे.

मला खरं लागलं ते पुढचं. बिया आल्या नाहीत की इकडं फोडणाऱ्या-सोलणाऱ्या बायकांचं काम थांबतं, त्यांची मजुरी किलोवर, बी नाही तर पगार नाही. भाव वाढला म्हणून आपण कुरकुर करतो, पण पहिला फटका त्यांनाच बसतो, आणि काकांना त्याचीच जास्त काळजी दिसली. असा दुकानदार आपल्या बेळगावात आहे ह्याचं मला लई बरं वाटलं.

पार्किंग अजिबात नाही, गाडी लांब लावून चालत जावा. मसाला काजूत मीठ जास्त आहे, तो नको. तुकडा दुपारपर्यंत संपतो, सकाळीच गाठा.