खर्जातले पाच स्वर: ट्रॉम्बोन घ्यावा की युफोनियम, आणि त्यातला कुठला?

बी फ्लॅट ट्रॉम्बोन आणि बी फ्लॅट युफोनियम ही दोन पितळी फुंकवाद्यं. ट्रॉम्बोनवर सरकती स्लाइड ओढून नळी लांबवतात, युफोनियमवर व्हॉल्व्ह दाबून. दोन्हींची मूळ नळी साधारण पावणेतीन मीटरची. त्यामुळे दोन्हींची अडचणही एकाच जागी येते. मोकळ्या नळीचा दुसरा हार्मोनिक (एकाच लांबीच्या नळीतून निघणाऱ्या सुरांच्या मालिकेतला दुसरा) म्हणजे ११६.५ हर्ट्झचा बी फ्लॅट. तिथून स्लाइड सातव्या स्थानापर्यंत नेली, किंवा तिन्ही व्हॉल्व्ह दाबले, की सहा अर्धस्वर उतरून ८२.४ हर्ट्झच्या ईपर्यंत येता येतं. त्याखाली थेट ५८.३ हर्ट्झचा बी फ्लॅट लागतो, तो पेडल सूर, म्हणजे त्या मालिकेतला सर्वांत खालचा. मधले ई फ्लॅट, डी, डी फ्लॅट, सी आणि बी हे पाच स्वर साध्या वाद्यात नाहीतच. खर्जासाठी वाद्य निवडताना आधी या पाचांचा हिशेब करावा. कर्ण्याचा घेर आणि माउथपीसचा आकार नंतर बघता येतो.

व्हॉल्व्हची बेरीज कुठे चुकते

एक अर्धस्वर उतरायला नळी ५.९५ टक्के वाढवावी लागते, आणि ही वाढ मूळ नळीवर नव्हे तर त्या क्षणी जेवढी नळी वापरात आहे तिच्यावर मोजायची. अगदी चक्रवाढ व्याजासारखी. व्हॉल्व्हच्या नळ्या मात्र सरळ बेरजेने जोडल्या जातात. दुसरा व्हॉल्व्ह ५.९५, पहिला १२.२५ आणि तिसरा १८.९२ टक्के नळी जोडतो. तिन्ही मिळून ३७.१ टक्के होतात, पण लागतात ४१.४. म्हणून तीन व्हॉल्व्हच्या युफोनियमवर खालचा ई सुमारे ५३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), म्हणजे अर्ध्या अर्धस्वराहून थोडा जास्त चढा लागतो. पहिला आणि तिसरा एकत्र दाबून येणारा एफ सुमारे ३० सेंट चढा. यावर उपाय तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड ओढण्याचा: एफला साधारण ३ सेंटीमीटर, ईला ६. वाजवता वाजवता हे जमवणं कठीणच. नुसते ओठ सैल सोडून ५० सेंट उतरवले, तर सूर जागेवर येतो पण पोकळ होतो, कारण तो नळीच्या अनुनादावरून घसरलेला असतो.

चौथा व्हॉल्व्ह आला की एफ एकट्या चौथ्यावर सुरात येतो, आणि दुसरा-चौथा जोडीने दाबल्यास ईची चूक २५ सेंटपर्यंत उतरते. एवढ्यासाठीसुद्धा चौथा व्हॉल्व्ह घ्यावा असं माझं मत आहे. पाच स्वरांचं काय, ते मात्र नीट बघायला हवं. ई फ्लॅटला १-४ दाबले तर तो ४८ सेंट चढा येतो. १-२-४ वर तो २१ सेंट उतरा येतो, म्हणजे तेच बरं. डीला २-३-४ जवळपास अचूक बसतं. डी फ्लॅटला चारही व्हॉल्व्ह खर्ची पडतात आणि तो सुमारे २५ सेंट उतरा येतो. प्रत्येक स्वराला बोटं एक पायरी आधीच संपत जातात, आणि सी व बीसाठी काहीच शिल्लक राहत नाही.

कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे नळीची ही तूट भरून काढू पाहणाऱ्या, युफोनियमची रचना डेव्हिड ब्लेकली यांच्या १८७० च्या दशकातल्या पेटंटवर उभी आहे. चौथा दाबला की हवा पहिल्या तीन व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा फिरते आणि त्या फेरीत जास्तीच्या छोट्या नळ्या जोडल्या जातात. पाचही स्वर मिळतात. पण एक गोष्ट अनेकदा सांगितली जात नाही: पहिल्या तीन व्हॉल्व्हची मूळ बेरीज इथेही तशीच चुकते. त्यामुळे गणिताप्रमाणे खालचा सी ३० सेंट आणि बी ५३ सेंट चढाच राहतो. शिवाय वळणं वाढल्यामुळे फुंकताना अडथळा जाणवतो आणि वाद्य जड होतं.

स्लाइड आणि ट्रिगर

ट्रॉम्बोनचं सामर्थ्य हे की स्लाइड कुठेही थांबते. एफ अटॅचमेंट, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर उघडणारी जादा नळी, सुमारे ९० सेंटीमीटर लांबी जोडते आणि वाद्य एफमध्ये नेते. नळी लांब झाल्यामुळे स्थानांमधलं अंतरही वाढतं. साध्या बाजूला पहिला अर्धस्वर साधारण ८ सेंटीमीटरवर, ट्रिगर दाबल्यावर ११ वर. ई फ्लॅट, डी आणि डी फ्लॅट व्यवस्थित मिळतात. सी मात्र सुमारे ६१ सेंटीमीटरवर येतो, म्हणजे नेहमीच्या सातव्या स्थानाच्याही ४ सेंटीमीटर पुढे, जिथे स्लाइड जेमतेम नळीवर टिकते. अटॅचमेंटची ट्यूनिंग स्लाइड ईपर्यंत ओढली तर सी ५० सेंटीमीटरवर येतो, पण मग बाकीची सगळी स्थानं बदलतात, आणि बी तरीही हाताबाहेरच राहतो.

बास ट्रॉम्बोनला दुसरा व्हॉल्व्ह असतो. दोन्ही दाबले की वाद्य बहुधा डीमध्ये जातं: सी सुमारे २७ सेंटीमीटरवर आणि बी ४१ वर. दोन्ही हाताच्या टप्प्यात, दोन्ही हवे तेवढे अचूक. बी वारंवार लागणार असेल, तर या सगळ्या वाद्यांत सुरेलपणात बास ट्रॉम्बोनला तोड नाही. दुसरा व्हॉल्व्ह स्वतंत्र असेल तर तो एकटाही वापरता येतो. परावलंबी असेल तर फक्त पहिल्यासोबत. किंमत मोजताना डाव्या हातावर येणारं वजनही मोजा.

पेडल सूर आणि रंग

ट्रॉम्बोनच्या नळीचा सर्वांत खालचा अनुनाद ५८ हर्ट्झवर नसतो, तो ४० च्या आसपास असतो. पेडल सूर उभा राहतो तो ११६, १७५, २३३ हर्ट्झवरच्या अनुनादांच्या आधाराने. ते ५८ च्या पटीत असल्यामुळे ओठांना त्या गतीत धरून ठेवतात. म्हणून पेडलला दाब कमी आणि हवा भरपूर लागते. वरच्या सुरासारखी जोराने जीभ मारली की सूर वरच्या हार्मोनिकवर उडी घेतो.

५८ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५.९ मीटर. तिच्यापुढे २१ सेंटीमीटरचा कर्णा काय आणि २५ चा काय, मूळ कंपन बाहेर फारसं पडतच नाही. कान तो सूर वरच्या हार्मोनिक्सवरून जुळवतो. मोठा कर्णा रंग बदलतो, नसलेला स्वर देत नाही. रंगाचा खरा फरक नळीच्या आकारातून येतो. ट्रॉम्बोनची लांबलचक नळी समान व्यासाची असल्यामुळे जोरात फुंकल्यावर आतली लहर पुढे जाता जाता तीव्र होते आणि आवाजाला धार येते. युफोनियमची नळी फाकत जाते, त्यामुळे तिथे हे कमी होतं. खर्ज गर्दीतून ठळक ऐकू यायला हवा असेल तर ट्रॉम्बोन, इतरांच्या खाली पसरून राहायला हवा असेल तर युफोनियम.

ईच्या खाली कधीच उतरायचं नसेल, तर साधा टेनर ट्रॉम्बोन हलका आणि पुरेसा आहे. अधूनमधून डीपर्यंत जायचं असेल, तर एफ अटॅचमेंट. खालच्या ईच्या लगेच वरच्या एफ आणि सीसाठी सहाव्या स्थानावर हात न्यावा लागत नाही हा रोजचा फायदा वेगळाच. कॉम्पेन्सेशन नसलेलं चार व्हॉल्व्हचं युफोनियम सी आणि बी लागणार असतील तर घेऊ नका.

घेण्याआधी वाद्य पाच-दहा मिनिटं वाजवून गरम करा, ११६.५ चा बी फ्लॅट ट्यूनरवर लावा, आणि मग एकेक अर्धस्वर बीपर्यंत उतरा. फक्त ओठांनी किती सेंट सावरावे लागतात ते लिहून ठेवा. मग प्रत्येक व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड थोडी ओढा आणि व्हॉल्व्ह दाबा. ‘पॉप’ असा आवाज आला तर तो हवाबंद आहे. आवाज आला नाही तर हवा गळते आहे, आणि अशा वाद्यावर खालचा सूर थरथरला तर दोष ओठांचा धरू नका.