झेडपीच्या शिक्षकानं गैरप्रकाराची तक्रार कुठे करावी? एकेका दाराची तुलना

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला गेल्या, की महिन्याभरात मला एखादा तरी फोन येतो. मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे लोकांना वाटतं सरांना वाट ठाऊक असेल. यंदाचा फोन बीड जिल्ह्यातल्या एका मॅडमचा होता. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात कागदावर पन्नास पोरं, जेवायला बसतात अठरा, बिल निघतं पन्नासचं. "सर, तक्रार करायचीय. पण माझी नोकरी राहिली पाहिजे."

आधी मी त्यांना एकच विचारलं : हजेरीवर त्या बत्तीस पोरांपुढे काय लावलंय? पोर आई-बापाबरोबर उसाच्या फडावर गेलं आणि हजेरीत गैरहजर लागलं, तर त्यात कुणाचा गुन्हा नाही, ते मराठवाड्याचं दुःख आहे. हजर लावून त्याच्या नावचं जेवण उचललं, तर गुन्हा आहे. हा फरक ज्याला सांगता येत नाही त्याची तक्रार पहिल्याच चौकशीत पडते, आणि मग तक्रारदारच खोटा ठरतो.

आता कायद्याचं. आतला गैरप्रकार उघड करणाऱ्या माणसाला मराठीत जागल्या म्हणतात. त्याच्या संरक्षणाच्या केंद्रीय कायद्याला ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, पण तो लागू करण्याची अधिसूचनाच निघालेली नाही. पुस्तकात आहे, कोर्टात नाही. त्याआधीचा एक मार्ग आहे. सत्येंद्र दुबे या अभियंत्यानं महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्रानं ठराव केला : बंद पाकिटात तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे पाठवायची, नाव पाकिटावर नाही, आतल्या पत्रात. आयोग ते नाव गुप्त ठेवतो. पण हा मार्ग केंद्राच्या नोकरांविरुद्धच्या तक्रारींचा आहे. नवोदय किंवा केंद्रीय विद्यालयातल्या शिक्षकानं तो जरूर वापरावा. झेडपीच्या शिक्षकाला त्याचा उपयोग नाही.

म्हणजे आपल्याला नाव झाकणारं तयार छत्र नाही. मग प्रत्येक दारापाशी हेच पाहायचं की आपलं नाव कुणाकुणाच्या टेबलावर जाणार आणि त्या टेबलावरच्या माणसाच्या हातात काय आहे.

घरचं दार

मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, सीईओ म्हणजे झेडपीचे मुख्य कार्यकारी अधिकारी. बहुतेक जण इथूनच सुरू करतात, कारण शिस्त तेच सांगते. मीही केलं होतं. शिक्षक असताना तांदळाच्या कट्ट्यांचा हिशेब जुळत नव्हता म्हणून पंचायत समितीत अर्ज दिला. चौथ्या दिवशी तोच अर्ज, माझ्या सहीसकट, "चौकशी करून अहवाल सादर करावा" असा शेरा मारून माझ्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता. कुणी कट केला नव्हता. टपालाची रीतच तशी आहे : वर दिलेला अर्ज खाली मार्क होतो, आणि ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडूनच अहवाल मागवला जातो. पुढची दोन वर्षं मला कारणे दाखवा नोटिसा येत राहिल्या.

तरी हे दार मी पूर्ण बंद म्हणणार नाही. शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यापुरती बाब असेल, वरचा साहेब त्यात नसेल, तर काम इथेच लवकर होतं. फक्त खालून वर जाऊ नका. थेट सीईओंच्या नावे अर्ज द्या, चौकशी दुसऱ्या तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे द्यावी अशी मागणी अर्जातच लिहा, आणि आवक क्रमांक व तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

बाहेरच्यानं मोजलं की काय होतं, हे नांदेडनं दाखवलेलं आहे. श्रीकर परदेशी तिथे जिल्हाधिकारी असताना जिल्ह्यातल्या शाळांचा पट, म्हणजे नोंदलेली पोरं, एकदम मोजला गेला आणि खोट्या नावांचा ढीग निघाला. पाठोपाठ ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लावून. त्याच पटावर त्याआधी वर्षानुवर्षं आमच्यासारख्यांच्याच सह्या होत होत्या. म्हणून पट आणि हजेरीच्या तक्रारीची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक विभागीय आयुक्तांना द्यावी, असं मी आग्रहानं सांगतो.

पैसे मागितले असतील तर

इथे तुलना करत बसू नका. फरकाचं बिल, मेडिकलचं बिल, बदली, मान्यता, कशासाठीही पैसे मागितले की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. टोल फ्री क्रमांक १०६४. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड अशी दोन परिक्षेत्रं आहेत आणि जिल्ह्याला युनिट आहे. तो गृह विभागाखाली चालतो, शिक्षण खात्याला आधी विचारत नाही. सापळा लागेपर्यंत तुमचं नाव बाहेर जात नाही. नंतर मात्र तुम्ही फिर्यादी असता, नाव एफआयआरमध्ये असतं आणि साक्षीला उभं राहावं लागतं. ते मनाशी ठरवूनच जा.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर दोन गोष्टी बदलल्या, त्या फार जणांना माहीत नाहीत. एक, लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवलं तरच सुटका. आधी कळवून सापळ्यासाठी दिली तर गुन्हा नाही. दुसरी, अधिकाऱ्यानं पदावर असताना घेतलेल्या निर्णयावरच्या आरोपांची चौकशी करायला आधी मंजुरी लागते, रंगेहाथ सापळ्याला लागत नाही. त्यामुळे मागणी ताजी असताना गेलात तर हे दार वेगानं उघडतं. कागदावरचा जुना घोळ घेऊन गेलात तर तीच माणसं मंजुरीची वाट पाहत बसतात.

माहितीचा अधिकार

वसतिगृहासारख्या कागदी घोळाला खरी चावी ही आहे. शिक्षक बहुतेकदा मोबाइलवर नोंदवहीचे फोटो काढून ठेवतात. मग कार्यालय म्हणतं, दप्तर बाहेर नेलं, वर्तणूक नियमांचा भंग केला, आणि मूळ चोरी बाजूला राहते. तीच पानं अर्जानं मागितली तर साक्षांकित प्रत हातात येते आणि ती कशी मिळाली हे कुणी विचारू शकत नाही. फी १० रुपये, एक विषय, १५० शब्दांच्या आत. कारण सांगावं लागत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्यानंतर माहिती आयोगाचं खंडपीठ संभाजीनगरलाच आहे.

अडचण एकच, अर्जावर नाव लागतं. शिक्षकानं स्वतःच्या शाळेचा अर्ज टाकला की दुपारपर्यंत तालुक्याला कळतं. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीकडे पाहा. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. एखादी आई, जिचं पोर त्या वसतिगृहात जेवतं, तिला हा हिशेब मागण्याचा हक्क आपल्यापेक्षा मोठा आहे. अर्थात वसतिगृह समितीच्याच हातून चालतं. अध्यक्षच सामील असेल तर त्याच्याकडे चुकूनही जाऊ नका, साध्या पालकाकडे जा.

आपले सरकार पोर्टल आणि लोकायुक्त यांबद्दल थोडक्यात. पोर्टलवरची तक्रार फिरून आपल्याच शिक्षण विभागात येते. तारखेचा पुरावा म्हणून ठीक, त्याहून जास्त अपेक्षा नको. लोकायुक्त १९७१ च्या कायद्यानं आले, स्वतंत्र आहेत, वजनही आहे, पण शपथपत्र लागतं आणि शेवटी ते शिफारस करतात. आपल्या बदली-निलंबनाची गाऱ्हाणी तिथे चालत नाहीत. वर्तमानपत्राकडे मात्र सर्वांत शेवटी. १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम नेमके तिथेच आपल्याला पकडतात. आणि निनावी पत्र कुठेच नको. ते दप्तरी दाखल होतं, वर संशय तुमच्यावरच येतो.

लेकराच्या अंगाला हात लागला असेल तर

इथे निवडीचा प्रश्नच नाही. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं हे प्रत्येकाचं बंधन आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत शिक्षा आहे, संस्थेचा प्रमुख असून दाबलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला त्याच कायद्यानं संरक्षण आहे. मुख्याध्यापकांची परवानगी नाही, समितीची बैठक नाही. त्याच दिवशी ठाणं, किंवा चाइल्डलाइन १०९८.

उलटं फिरलं तर

झेडपीच्या शिक्षकासाठी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, नाही, ती राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना. आपली शिस्त १९६४ च्या नियमांनी चालते, सीईओंच्या आदेशावर अपील विभागीय आयुक्तांकडे, आणि शेवटी उच्च न्यायालयाचं संभाजीनगर खंडपीठ. निलंबन झालं तर तारीख मोजायला लागा : सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलंय की दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे चालू शकत नाही.

खासगी अनुदानित शाळेतल्या मित्रांचं थोडं वेगळं आहे. त्यांची तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते आणि तो संस्थेच्या बाहेरचा असतो, हा त्यांचा फायदा. आपण मात्र मालकाकडेच मालकाची तक्रार करतो. त्यांना कामावरून काढलं तर खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७७ च्या कायद्यानं ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. नुसतं निलंबन मात्र त्यात बसत नाही, आणि संस्थाचालक नेमकं तेच हत्यार आधी काढतात.

दोघांनाही कामाला येतो तो तारखांचा क्रम. नोटीस तक्रारीनंतर आली हे दाखवता आलं, तरच सूडबुद्धी कोर्टाला दिसते. म्हणून पोच आधी, आणि ती घरी, शाळेच्या कपाटात नाही.

मॅडमना मी सीईओंकडे जायला लगेच सांगितलं नाही. वसतिगृहात जेवणाऱ्या एका मुलीच्या आजीनं, मुलगा-सून फडावर असताना, नातवाच्या मदतीनं अर्ज लिहून टाकला : तीन महिन्यांची हजेरी, साठा नोंदवही आणि बिलांच्या प्रती. आजीनं अंगठा उठवला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, आणि पोच लुगड्याच्या गाठीत बांधून नेली.