मुद्दाम हरणं थांबवायचं तर एनबीएने कुठला मार्ग धरावा?

7 एप्रिल 2023, डॅलस. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला त्या रात्रीचा सामना स्लोव्हेनियाला वाहिलेला होता आणि डॅलसचा तारा लुका डॉन्चिचला पाहायला त्याच्या देशाची माणसं आली होती. लुका पहिला क्वार्टर खेळला, दुसऱ्याच्या सुरुवातीला बाहेर गेला आणि पुन्हा कोर्टवर आलाच नाही. कायरी अर्विंगसकट बरेचसे मुख्य खेळाडू त्या दिवशी बसूनच होते. शिकागोने सामना 115-112 असा जिंकला. डॅलसला तेव्हा प्ले-इनची, म्हणजे विजेतेपदासाठीच्या प्लेऑफ टप्प्यात शिरण्याच्या पात्रता सामन्यांची, संधी शिल्लक होती, तरी त्यांनी ती सोडली. कारण होतं ड्राफ्ट: त्यात संघ दरवर्षी नवोदित खेळाडू क्रमाने निवडतात, आणि जास्त हरलेल्याला आधीचा क्रमांक मिळायची शक्यता जास्त असते. डॅलसला आपली पहिल्या फेरीची निवड न्यू यॉर्कला देणं होतं आणि ती पहिल्या दहांत आली तरच त्यांच्याकडे राहणार होती. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. डॅलसने निवड राखली, ड्राफ्टच्या रात्री 10वा क्रमांक देऊन 12वा घेतला, त्यातून डेरेक लाइव्हली आणला, आणि पुढच्याच जूनमध्ये हा संघ लाइव्हलीसह अंतिम फेरीत होता.

एवढं बघितल्यावर ‘दंड वाढवा’ हा उपाय माझ्या लेखी बाद होतो. त्याआधी 2018 मध्ये याच संघाचे मालक मार्क क्यूबन यांना, हरणंच आपल्या फायद्याचं आहे असं खेळाडूंना सांगितल्याचं जाहीर बोलल्याबद्दल, सहा लाखांचा दंड झालाच होता. अब्जावधींच्या संघाला ही रक्कम जाणवतसुद्धा नाही.

मग काय बदलायचं? मतदान मालकांचं असतं. संघ 30, आणि लॉटरीचा, म्हणजे ड्राफ्टमधले वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीचा, नियम बदलायला 23 मतं लागतात. 2014 मध्ये 17 विरुद्ध 13 असं बहुमत असूनही सुधारणा पडली होती. त्या 30 मतांपैकी एक आपल्या हातात आहे असं धरून प्रत्येक पर्यायाला मी दोनच प्रश्न विचारतो. मार्चमध्ये तिकीट काढून आलेल्या माणसाला खरा सामना बघायला मिळेल का? आणि खरोखर दुबळ्या संघाला वर यायला हात मिळेल का? अडचण अशी की हे दोन्ही प्रश्न एकमेकांना ओढतात.

आधी आजची पद्धत. 1984 पर्यंत पूर्व आणि पश्चिम या दोन्ही कॉन्फरन्सच्या (गटांच्या) तळाच्या संघांत नाणेफेक होऊन पहिली निवड ठरायची. त्या वर्षी ह्यूस्टनवर मुद्दाम हरल्याचा आरोप झाला. हंगामाच्या अखेरीस 38 वर्षांच्या एल्विन हेजला ओव्हरटाइमच्या सामन्यात जवळजवळ पूर्ण वेळ खेळवलं गेलं होतं. ह्यूस्टनने नाणेफेक जिंकली, हकीम ओलाजुवान घेतला, आणि 1985 पासून लॉटरी आली.

आजच्या लॉटरीत 1 ते 14 आकड्यांचे चेंडू यंत्रात फिरतात आणि चार बाहेर येतात. त्यांच्या 1001 जुळण्या होतात. 11-12-13-14 ही जुळणी रद्द धरून उरलेल्या 1000 संघांत वाटलेल्या असतात. हे सगळं बंद खोलीत, आत आलेल्यांचे फोन काढून घेऊन होतं. टीव्हीवर दिसतो तो फक्त निकाल. 2019 पूर्वी तळाच्या संघाकडे 250 जुळण्या असायच्या. आता तळाच्या तिन्ही संघांकडे प्रत्येकी 140 आहेत, आणि अगदी शेवटचा संघही पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो.

हा बदल योग्य दिशेने होता. अगदी तळ गाठायची शर्यत त्याने बोथट केली. फिलाडेल्फियाने 2013 ते 2016 या तीन हंगामांत 47 विजय आणि 199 पराभव असं जे केलं, त्याचा भाव आज पूर्वीइतका नाही. (तेव्हाही तो फार नव्हता: एम्बीड मिळाला, पहिल्या क्रमांकावर सिमन्स मिळाला, पण 2025 पर्यंत संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपुढे गेलेला नाही.) पण मोह तळावरून उठून मधल्या संघांकडे सरकला. डॅलसला 2025 मध्ये 1.8 टक्के शक्यतेवर पहिली निवड आणि तिच्यातून कूपर फ्लॅग मिळाला, अटलांटाला आदल्या वर्षी 3 टक्क्यांवर पहिली निवड मिळाली. हे पाहिलेला मॅनेजर नवव्या-दहाव्या जागेवर असताना एप्रिलमध्ये काय विचार करेल? दुसरीकडे डेट्रॉइट 2023 आणि 2024 मध्ये सगळ्यांत तळाला होतं आणि दोन्ही वेळा पाचव्या क्रमांकावर घसरलं. त्यातल्या दुसऱ्या हंगामात त्यांनी सलग 28 सामने गमावले होते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्धं, आणि दुसऱ्याचंही अर्धंच.

शक्यता पूर्ण समान केली तर? 1985 मध्ये तेच होतं: सात संघ, सात लिफाफे. सर्वांत कमी विजय असलेल्या दोन संघांपैकी गोल्डन स्टेट सातव्या क्रमांकावर गेला. त्यांना ख्रिस मलिन मिळाला म्हणून निभावलं. आज प्लेऑफबाहेर 14 संघ असतात. सगळ्यांना सारखी चिठ्ठी दिली तर तळाचा मोह जाईल, पण प्लेऑफच्या उंबरठ्यावर उभा असलेला संघ एक पाऊल मागे घेईल. डॅलसचंच दुखणं सगळ्या लीगला लागेल. मी याला मत देणार नाही.

महिलांच्या डब्ल्यूएनबीएमध्ये दोन वर्षांची कामगिरी एकत्र मोजतात. हा पर्याय मला आवडतो. एकच हंगाम फेकून फारसं काही हाती लागत नाही आणि एका वर्षी दुखापतींनी कोसळलेल्या तगड्या संघाला बक्षीसही मिळत नाही. उदाहरण सॅन अँटोनियोचं. 1995-96 मध्ये 59 विजय, पुढच्या वर्षी डेव्हिड रॉबिन्सन जायबंदी झाला आणि विजय उरले 20. त्यांना पहिली निवड मिळाली, टिम डंकन आला आणि पुढे पाच विजेतेपदं आली. दोन वर्षांचा हिशेब असता तर ते रांगेत बरेच मागे असते. उणीव एवढीच की ज्याने दोन वर्षं तळाला राहायचं ठरवूनच ठेवलंय, त्याला हा नियम अडवत नाही.

‘चक्र’ नावाची कल्पना बॉस्टनच्या माइक झॅरेन यांची. 30 वर्षांत प्रत्येक संघ प्रत्येक क्रमांकावर एकदा निवड करणार आणि क्रम आधीच ठरलेला. हरण्याचा फायदा शून्य. पण पुढच्या वर्षी पहिली निवड कुणाची हे माहीत असलेला कॉलेजचा तारा आपलं वर्ष त्याप्रमाणे निवडू शकेल, आणि गाळात रुतलेल्या संघाची पाळी नेमकी तेव्हा येईलच असं नाही.

स्पेनच्या बास्केटबॉल लीगमध्ये तळाचे दोन संघ खालच्या विभागात जातात, तिथे हरणं परवडतच नाही. एनबीएत खाली जायला विभागच नाही आणि संघाची किंमत लीगमधल्या जागेवर उभी आहे, म्हणून मालक स्वतःविरुद्ध 23 मतं कधीच देणार नाहीत. ड्राफ्टच रद्द करा असंही म्हणतात. अमेरिकेच्या महिला फुटबॉल लीगने 2024 मध्ये ते केलंच. आपल्याला यात नवल वाटायला नको, कारण आयपीएलमध्ये शेवटचा आलेल्या संघाला लिलावात एक रुपयाही जास्त मिळत नाही. पण आयपीएलचा खेळाडू लिलावात संघ निवडत नाही. एनबीएत नवोदितांना मोकळं सोडलं तर लॉस एंजेलिस आणि न्यू यॉर्कसमोर सॅक्रामेंटोसारख्या छोट्या शहराचं काय होईल ते उघड आहे.

उरला तो पर्याय मला सर्वांत पटतो: प्लेऑफमधून गणिताने बाद झाल्यानंतर जो संघ सर्वाधिक जिंकेल त्याला पहिली निवड. महिलांच्या पीडब्ल्यूएचएल या आइस हॉकी लीगने 2024 च्या पहिल्याच हंगामापासून हे राबवलं. न्यू यॉर्क सहा संघांत शेवटचा होता, पण बाद झाल्यावर गुण कमावून त्याने पहिली निवड मिळवली आणि सारा फिलियरला घेतलं. म्हणजे दुबळ्या संघालाच लाभ झाला, आणि तोही जिंकून. लवकर बाद झालेल्याला जास्त सामने मिळतात, म्हणून दुबळ्याची बाजू आपोआप सांभाळली जाते. मुख्य म्हणजे ज्या सामन्यांना आज काही अर्थ नसतो, त्यांत खेळाडू, प्रशिक्षक आणि प्रेक्षक तिघांनाही एकच गोष्ट हवी असेल.

आक्षेप दोन आहेत. पहिला: संघ ऑक्टोबरपासूनच हरून लवकर बाद व्हायला बघतील. मला ही भीती कमी वाटते, कारण हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांनाच आशा असते. मुद्दाम हरण्याचा निर्णय बहुतेकदा आशा संपल्यावर होतो, आणि नेमक्या त्याच वेळेला हा नियम उलटा लागतो. दुसरा आक्षेप खरा आहे: 82 पैकी 10 जिंकणारा संघ बाद झाल्यावर तरी कुठून जिंकणार? त्यासाठी शेवटच्या तीन संघांना तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाखाली जाऊ देऊ नये, एवढं कुंपण मी घालेन.

या निवडीने संघ उभे राहतात, असं मात्र कुणी धरू नये. मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवे यांचा सॅक्रामेंटो किंग्ज संघ 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये खेळून गेला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्याकडे दुसरी निवड होती. त्यांनी मार्विन बॅगली घेतला. तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला लुका डॉन्चिच. 2022 पर्यंत किंग्ज सलग 16 हंगाम प्लेऑफबाहेर राहिले.

माझं मत बाद झाल्यानंतरच्या विजयांना. 23 मतं जमत नसतील तर दोन वर्षांच्या हिशेबाला. आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी निवडींवरची ‘पहिल्या दहांत आली तर आमची’ ही सौद्यातली अट लीगने आधी काढावी. निवड द्यायची तर सरळ द्यावी, नाहीतर देऊ नये. ती अट नसती तर त्या रात्री लुका चारही क्वार्टर खेळला असता.